डुकराला पट्टा

बाजारात सीटबेल्टची नुसती जीभ मिळायची. पट्टा नाही, फक्त ती पोलादी जीभ. ती बकलात खोचली की गाडीचा टिंगटिंगाट थांबतो. गाडीला वाटतं मालक बांधला गेला, आणि मालक मोकळाच. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानदारांना दम भरला आणि या वस्तूच्या 13,118 जाहिराती उतरवायला लावल्या. जिचा उपयोग फक्त आपला जीव धोक्यात घालायला, तिच्या तेरा हजार जाहिराती! गाडीबरोबर फुकट आलेला पट्टा लावावा लागू नये म्हणून वर पैसे मोजणारं गिऱ्हाईक या देशात आहे, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्या व्यापाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला.

त्या गिऱ्हाइकांपैकी बरीचशी आमच्याकडची असणार. आमच्याकडं म्हणजे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि सरकारच्या मनात येईल तो जिल्हा मिळून ज्याला एनसीआर म्हणतात, त्या अफाट पसाऱ्यात. इथं सीटबेल्ट हा सुरक्षेचा नसून शिष्टाचाराचा विषय आहे. सासरेबुवा समोर आले की पदर सावरावा, तसा पोलीस दिसला की पट्टा सावरायचा. टॅक्सीवाले तो छातीवरून ओढून मांडीखाली दाबतात; बकलापर्यंत जाण्याची पाळी त्याच्यावर येऊ देत नाहीत. मागच्या बकलांचं तर उत्खननच करावं लागतं. गाडी घरी आली की आठवड्याभरात त्यांच्यावर सीट कव्हर चढतं आणि कव्हरवर आईनं विणलेली चादर.

4 सप्टेंबर 2022 ला सायरस मिस्त्री पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघातात गेले. ते मागं बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर दीड आठवड्यात दिल्लीचे वाहतूक पोलीस बाराखंबा रोडवर मागच्या सीटा तपासायला उभे राहिले. दंड 1,000 रुपये. कनॉट प्लेसच्या सिग्नलला भलीभली माणसं मागच्या सीटवर उलटी होऊन गादीच्या फटीत हात घालताना दिसू लागली. बकलं सापडायची नाहीत, पण दोन-तीन वर्षांपूर्वी हरवलेली कर्णफुलं आणि पाच-पाचची नाणी वर यायची.

ती बातमी आमच्या मेव्हणीनं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीनं वाचली आणि नवऱ्याला बजावलं, "पट्टे लावल्याशिवाय मी तुमच्या डुकरात बसणार नाही."

साडूभाऊंकडं 1957 ची फियाट आहे. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला 'डुक्कर फियाट' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आखूड नाक, गुबगुबीत पाठ आणि चालताना गुरगुर. फियाट 1100 हे तिचं कागदावरचं नाव. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जोडली गेली. साडूभाऊंच्या वडिलांनी ती पुण्यात वापरली. पुढं नोकरीपायी साडूभाऊ नोएडाला आले तेव्हा घरातलं बाकी सामान भावांना देऊन ते डुक्कर तेवढं ट्रकवर चढवून घेऊन आले. त्यांच्या सोसायटीतले पंजाबी आणि बिहारी शेजारी तिला 'अंकलजी की विंटेज' म्हणतात. साडूभाऊंना हा बहुमान वाटतो. ताईंना शंका आहे की विशेषण नक्की कुणाला लावलंय.

आता दिल्लीत जुनी गाडी बाळगणं म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. इथं डिझेलच्या गाडीनं 10 आणि पेट्रोलच्या गाडीनं 15 वर्षं ओलांडली की तिनं रस्त्यावर तोंड दाखवू नये, असा हुकूम हरित लवादानं काढला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. 1 जुलै 2025 ला तर दिल्लीतल्या पंपांवर कॅमेरे लावून म्हाताऱ्या गाड्यांचं पेट्रोलच तोडायला निघाले होते. ओरड एवढी झाली की आठवडाभरात बेत पुढं ढकलावा लागला. आणि 2021 च्या जुलैत केंद्र सरकारनं नियम केला तो असा की 50 वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी ही व्हिंटेज, म्हणजे देशाचा वारसा. तिला वेगळी नोंदणी. नव्यानं घ्याल तर 20,000 रुपये शुल्क आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. थोडक्यात, पंधराव्या वर्षी फरारी ठरलेल्या गाडीनं पुढची पस्तीस वर्षं कुठंतरी दडून काढली, तर पन्नासाव्या वर्षी तिचा सत्कार. पांडवांनाही इथलंच इंद्रप्रस्थ सोडल्यावर अज्ञातवास एकच वर्षाचा होता.

सत्कार झाला तरी गाडी रोज फिरवायची मुभा नाही. व्हिंटेज गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या गाड्यांच्या रॅलीसाठी, किंवा पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. ही यादी साडूभाऊंना तोंडपाठ आहे. त्यातलं 'पेट्रोल भरायला' हे कलम त्यांच्या विशेष आवडीचं. पंप किती लांबचा असावा याबद्दल नियम मूग गिळून आहे.

ताईंच्या धमकीनंतर त्यांनी आधी कायद्याची पुस्तकं काढली. मनात आशा अशी की सरकारच सक्ती करत असेल, मग खर्चाला घरात कुणी बोट लावणार नाही. निघालं उलटंच. पुढच्या सीटांना पट्टे देण्याची सक्ती कारखानदारांवर आली तीच 1994 च्या मार्चपासून. मोटार वाहन नियमांतला 138 वा नियम सांगतो की ज्या गाडीला या सक्तीप्रमाणे पट्टे दिलेले आहेत, तिच्यात बसणाऱ्यांनी ते लावायचे. 1957 च्या फियाटला कुणी दिलेच नव्हते, तेव्हा लावायचा प्रश्नच नाही. पुढं तुम्ही हौसेनं बसवले, तरी ते काही त्या नियमाखाली 'दिलेले' होत नाहीत. साडूभाऊ खिन्न झाले. एवढ्या एनसीआरमध्ये पट्टा लावायला मनापासून तयार असलेला हा एकटा इसम, आणि त्याला लावायला लावणारं कुणी नाही.

अखेर आम्ही काश्मिरी गेटला गेलो. मोटारीच्या सुट्या भागांची ती दिल्लीतली मोठी बाजारपेठ. तिथं ऐरावताचंही गॅस्केट मिळेल. दुकानदारानं गाडी कुठली विचारलं, साल विचारलं आणि ऐकून चहा मागवला. नवा पट्टा दाखवला तो तीन टोकांचा, रिळाचा. किंमत ऐकून साडूभाऊंमधले पुणेकर जागे झाले आणि दुसऱ्या रविवारी आम्ही मायापुरीच्या भंगारात उभे. तिथल्या पोरानं मारुती 800 चे पट्टे काढून दाखवले. "एकदम नया माल है अंकल. गाड़ी छह महीने में टोटल लॉस हो गई थी."

म्हणजे त्या पट्ट्यानं एकदा कुणाला तरी धरून ठेवलं होतं. अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो. त्याचं विणकाम एकदाच ताणण्यासाठी केलेलं असतं, आणि ताणत ताणत माणसाचा वेग पोटात घेणं हेच त्याचं काम. हे मी साडूभाऊंना समजावलं. ते म्हणाले, "अनुभवी आहे की." शेवटी ताईंना फोन लावला. त्यांनी फक्त "मेलेल्या गाडीचा?" एवढंच विचारलं, आणि आम्ही काश्मिरी गेटला परत गेलो.

पट्टा आणणं हा या कामातला सोपा भाग. तो कशाला बांधायचा, इथं खरी गंमत सुरू होते.

नोएडात एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे मिस्त्री आहेत. वय सत्तरीच्या पुढं, हातात कायम दहा-अकराचा पाना, फियाट आणि अँबॅसिडर सोडून दुसऱ्या गाडीला गाडी मानत नाहीत. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि मधल्या खांबाकडं पाहिलं. तिसरं टोक, खांद्यावरचं, या खांबावर यायला हवं. आता डुक्कर फियाटची तऱ्हा अशी की पुढचे दरवाजे उलटे उघडतात. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आणि मागच्या दरवाजांच्या पुढच्या बाजूला. म्हणजे एका अंगाचे दोन्ही दरवाजे त्या एकाच खांबाला लटकलेले. मिस्त्रींनी खांबावर पान्यानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"इस बेचारे पर पहले से दो दरवाज़े टँगे हैं," ते म्हणाले, "अब आप भी टँगोगे?"

साडूभाऊंनी पोट आत घेतलं. पण मिस्त्रींचा हिशेब चोख होता. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी भिंतीवर थांबली, तर सत्तर किलोचा माणूस पट्ट्याला टनाच्या आसपास जोरानं ओढतो. साडूभाऊ सत्तर किलोचे होते तेव्हा राजीव गांधी पंतप्रधान होते. तेवढा ओढा पोकळ पत्र्यातल्या एका स्क्रूवर आला तर पट्टा, स्क्रू आणि साडूभाऊ असा तिघांचा समूह काचेकडं निघणार. म्हणून खांबाच्या आत जाड पोलादी पट्टी वेल्ड करायची, तिच्यात नट बसवायचा आणि 7/16 इंची बोल्ट. पट्ट्याच्या बोल्टचं हे माप बहुतेक सगळ्या गाड्यांत एकच असतं, ही त्यातल्या त्यात सुखाची गोष्ट.

खांदा नको, नुसता कमरेला पट्टा पुरे, असा एक स्वस्त पर्याय साडूभाऊंनी पुढं केला. विमानात नाही का असतो? असतो, पण विमानात तुमच्या पुढ्यात स्टिअरिंगचा दांडा नसतो. त्या काळच्या गाड्यांत हा दांडा गाडीच्या पुढच्या टोकापासून तुमच्या छातीपर्यंत एकसंध येतो. हल्लीचे दांडे धडक बसली की घडी होतात. याला घडी ठाऊक नाही, भाला आहे तो. कमरेला बांधलेला माणूस मधोमध वाकतो आणि नमस्कार थेट त्या चाकावर. ताई मागून म्हणाल्या, "तीन टोकं." विषय संपला.

मग मिस्त्री खाली गेले. उरलेली दोन टोकं जमिनीला यायची. या फियाटला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा डबा हाच सांगाडा, त्यामुळं तळाचा पत्रा म्हणजे गाडीचा पाया. मिस्त्रींनी रबरी मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि अंगठ्यानं दाबला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि शेडच्या फरशीला लागून खणकला. पुण्याचे सदुसष्ट पावसाळे नसतील, पण जेवढे होते तेवढे सगळे त्या मॅटखाली मुक्कामाला होते. सीट काढली तर तीही दोन गंजक्या नटांवर केवळ सवयीनं बसून होती.

"पहले फ़र्श, फिर सीट, फिर खंबा, फिर बेल्ट," मिस्त्रींनी बोटं मोडत क्रम सांगितला. पट्टा हा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्त. पट्ट्याची जोडी घ्यायला निघालेले साडूभाऊ अर्धी मोटार नवीन करून बसले. बँकेतून परत येताना एवढंच म्हणाले, की पट्टा नसता तर आपण गेली कित्येक वर्षं रस्त्यावर नुसते तरंगत होतो हे कळलंच नसतं.

पट्ट्याचा इतिहास मी त्यांना तेव्हाच सांगितला. माणसाचं दुःख हलकं करायला इतिहासासारखं दुसरं काही नाही. अमेरिकेत नॅश कंपनीनं 1949 मध्ये कमरेचे पट्टे देऊन पाहिले, गिऱ्हाइकांना ते रुचले नाहीत. आजचा तीन टोकांचा पट्टा स्वीडनच्या व्होल्वोनं 1959 मध्ये गाडीत आणला, नील्स बोलिन या इंजिनिअरनं बेतलेला. हे बोलिनसाहेब त्याआधी साब विमान कंपनीत होते, आणि तिथं त्यांचं काम काय, तर संकटात वैमानिकाला सीटसकट विमानाबाहेर उडवणारी यंत्रणा. माणसं बाहेर फेकण्यात हयातीचा एक भाग घालवल्यावर त्यांना माणसं आत धरून ठेवण्याची युक्ती सुचली. व्होल्वोनं या युक्तीचे हक्क सगळ्यांना खुले ठेवले. साडूभाऊ म्हणाले, "1959? म्हणजे आमची त्याच्याआधीची." आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना सीनियॉरिटी कुठंही चालते.

रीळ बसवताना शेवटचा गोंधळ झाला. या रिळात एक छोटी गोळी किंवा लोलक असतो; गाडी एकदम थांबली किंवा कलंडली की तो हलतो आणि पट्टा अडकवतो. म्हणून रीळ अगदी सरळ, ठरलेल्या कोनात बसावं लागतं. मिस्त्रींच्या पोऱ्यानं ते जरा तिरकं बसवलं. रिळाची समजूत झाली की गाडी कायमची उलटते आहे. साडूभाऊंनी पट्टा ओढला, तो वीतभर आला आणि थांबला. जोर लावला, हलेना. मिस्त्री म्हणाले, "खींचो मत, मनाओ." मग ओळंबा आणला, कोन जुळवला, आणि पट्टा सुरळीत येऊ लागला. तरी चढावर गाडी उभी असली की तो अजून रुसतो.

साडूभाऊंच्या खऱ्या शत्रूंची गाठ त्यानंतर पडली. हे म्हणजे जुन्या गाड्यांचे शौकीन, जे एकमेकांच्या बॉनेटखाली डोकं घालून "ये क्लिप ओरिजिनल नहीं है" असं हळहळत सांगतात. दिल्लीत 'द स्टेट्समन' वृत्तपत्राची व्हिंटेज गाड्यांची रॅली 1964 पासून चालत आली आहे. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा 1914 चा जॉन मॉरिस आगीचा बंबही तिच्यात उतरलेला आहे. त्या बंबाला पट्टा सोडा, दरवाजेही नाहीत. चालक वर उघड्यावर बसतो आणि परमेश्वर त्याला धरतो. या मंडळींत साडूभाऊंनी पट्ट्याचा विषय काढला तेव्हा एका गृहस्थांनी दुखवट्याच्या आवाजात विचारलं, "खांबाला भोक पाडलंत?" या गृहस्थांच्या पंचेचाळीस सालच्या गाडीत हातमोज्याच्या कप्प्यात ब्लूटूथचा स्पीकर आहे, पण तो भोक न पाडता ठेवलेला आहे. सुरक्षेच्या सोयींचे गुण परीक्षक सहसा कापत नाहीत, असं सगळेच सांगतात आणि मान्य कुणालाच नसतं. त्यामुळं गाडी मांडायच्या दिवशी साडूभाऊ काय करतात, तर पट्टे रिळात सोडतात, त्यावर रुमाल टाकतात आणि बकलं सीट कव्हरखाली ढकलतात. एवढा खटाटोप करून शेवटी दिल्लीच्या रिवाजात बसले.

एरवी मात्र ते पट्ट्याशिवाय चाकाला हात लावत नाहीत. त्यानं अडचणी झाल्याच. गाडीला इंडिकेटरचं वेड नाही. साडूभाऊ अजून हात बाहेर काढून इशारा करतात. पट्ट्यामुळं आता कोपरापर्यंतच हात बाहेर जातो, आणि कोपरापर्यंत बाहेर आलेल्या हाताचा अर्थ दिल्लीत 'या, पुढं या, जागा आहे' असा होतो. लोक येतातही, दोन्ही बाजूंनी. चोक ओढायला वाकलं की रीळ अडतं. मागं बसणाऱ्या सासूबाईंना नऊवारीवरून पट्टा घेणं म्हणजे निऱ्यांचा अपमान वाटतो, म्हणून त्या तो लावतात पण आत पदर घालून, म्हणजे बकलात निम्मा पदर.

गेल्या संक्रांतीला आम्ही सगळे या गाडीतून पानिपतला निघालो. 14 जानेवारी 1761 ची आठवण म्हणून दर संक्रांतीला काला आंबच्या स्मारकाशी मराठी माणसं जमतात. दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटर. पानिपत जिल्हा तर आता एनसीआरमध्येच मोडतो, आपल्याला तो राजधानीत यायला जरा उशीर झाला एवढंच. धुकं असं की बॉनेटवरचं बोधचिन्हही अंदाजानंच दिसत होतं. सोनीपतच्या पुढं एका हवालदारानं हात केला. साडूभाऊंनी गाडी कडेच्या उतारावर घेतली.

हवालदार फेरी मारून आला, खिडकीतून आत वाकला आणि त्याची नजर पट्ट्यावर थांबली. "इसमें बेल्ट कब से आने लगी? ओरिजिनल तो नहीं है ये."

साडूभाऊंच्या तोंडून शब्द फुटेना. इथंही शौकीन! ताईंनी चपळाईनं तिळगुळाचा डबा पुढं केला. हवालदारानं लाडू तोंडात टाकला, त्याच्या वडिलांचीही अशीच फियाट होती म्हणाला, आणि एक फोटो हवा, बेल्ट लावून हवा म्हणाला. मी पुढची जागा रिकामी केली. तो बसला, पट्टा ओढला. गाडी उतारावर, पट्टा वीतभर येऊन थांबला. त्यानं खात्याच्या पद्धतीनं हिसका दिला, रीळ आणखी घट्ट झालं. "खींचो मत, मनाओ," साडूभाऊ म्हणाले, पण मनवायला वेळ कुणाला होता? शेवटी मी आणि दोघा भाच्यांनी मिळून गाडी, साडूभाऊ, हवालदार आणि सासूबाईंसकट, सपाटीवर ढकलली. पट्टा आला, बकल वाजलं, फोटो निघाला. हवालदारानं तो तिथल्या तिथं घरी पाठवला.

मग उतरून, टोपी नीट करून, त्यानं विचारलं, "विंटेज है तो रैली का कागज़ होगा?"

"रैली नहीं है," साडूभाऊ म्हणाले. "पेट्रोल भरने जा रहे हैं."

"कहाँ?"

"पानीपत."

हवालदारानं मागं पाहिलं, पुढं पाहिलं. धुक्यातूनही रस्त्याच्या दोन्ही अंगांना पंपांचे लाल-पिवळे दिवे दिसत होते. "पेट्रोल तो यहाँ भी मिलता है."

"मिलता है साहब," साडूभाऊंनी पट्टा सरळ करत सांगितलं, "पर रिफ़ाइनरी वहाँ है. ताज़ा मिलता है."